ओंकारचा जिमचा हप्ता

(रत्नागिरीतल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप. फेब्रुवारी, रात्री सव्वानऊ.)

सी-३०४ ओंकार: नमस्कार मंडळी. विचारू की नको करत होतो, पण कोणाला अनुभव असेल तर सांगा. ५ जानेवारीला जिम लावली. वर्षाचं पॅकेज, २०,००० वर ५ टक्के जीएसटी, एकूण २१,०००. महिना १,७५० चे १२ हप्ते. शिवाय जॉइनिंगचे १,५०० रोख. तीन आठवडे गेलो आणि कंबर धरली. एमआरआय काढला, कमरेतल्या एल-४ एल-५ मणक्यांचा त्रास निघाला. डॉक्टर म्हणाले, सहा महिने वजन उचलायचं नाव काढू नकोस. जिममध्ये सांगायला गेलो तर म्हणे पैसे परत मिळत नाहीत, फॉर्मवर लिहिलंय. खरंच लिहिलंय. तिसऱ्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि बरोबर त्याच्याखाली माझी सही.

बी-३०१ परबकाका: मेल्या, आमी भाट्याच्या पुळणीर रोज दोन फेरे मारतो, एक पैसो पडणा नाय. तुका तां ट्रेडमिल कित्याक व्हया होतां?

सी-३०४ ओंकारची आई: मला उसण भरली म्हणून सांगितलंस. एमआरआय कधी काढलास?

ओंकार: आई, घरी आल्यावर बोलू.

ओंकारची आई: मी घरीच आहे. तूच आतल्या खोलीत आहेस.

बी-१०३ नितीन: ओंकार, सोपं आहे. बँकेत जाऊन ऑटो डेबिट बंद कर. पैसे यायचे थांबले की जिमवाला स्वतः फोन करतो की नाही बघ.

(चार अंगठे आले.)

ए-१०१ बँकवाले काका: ते अंगठे आधी काढून घ्या. ओंकार, पैसे कापल्याचा मेसेज नीट वाच. नाव कोणाचं आहे?

ओंकार: जिमचं नाही. कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं आहे.

बँकवाले काका: वाटलंच. म्हणजे तू जिमचा हप्ता भरत नाहीयेस, कर्ज फेडतोयस. जिमला तिचे पैसे जानेवारीतच एकरकमी मिळून गेले. तू हप्ता बंद केलास तर जिमचा केसही वाकडा होणार नाही. थकबाकी तुझ्या नावावर, दंड तुझ्या नावावर, सिबिल म्हणजे कर्जफेडीची नोंद खराब होणार तीही तुझी. उद्या घरासाठी कर्ज मागायला जाशील तेव्हा समोरचा माणूस तुला या १,७५० बद्दल विचारेल.

ओंकार: पण काका, मी कर्ज घेतलंच नाही. काउंटरवरच्या मुलीने माझा फोन मागितला, आधार नंबर घातला, सेल्फी काढायला लावला. दोन ओटीपी आले ते मी वाचून दाखवले. 'नो कॉस्ट ईएमआय आहे सर, फॉर्मॅलिटी' म्हणाली.

बँकवाले काका: त्यालाच कर्ज घेणं म्हणतात.

परबकाका: आगो बाय माझे.

बँकवाले काका: आणि नितीन, खातं रिकामं ठेवून हप्ता परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ लागू शकतं. चेक बाउन्सचा सख्खा भाऊच म्हण. म्हणून जिमशी भांडण चालू असतानाही हप्ता चालू ठेवायचा. जीव जळतो, माहीत आहे. ओंकार, ईमेलमध्ये कर्जाचा करार आलेला असेल, त्याच्या सुरुवातीला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणजे मुख्य अटींचा तक्ता असतो. कूलिंग ऑफ शोध.

ओंकार: सापडलं. ३ दिवस लिहिलंय.

बँकवाले काका: डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेने ही सोय ठेवायला लावलीय, निदान एक दिवसाची तरी. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं, फार तर थोडी प्रोसेसिंग फी. तुझे तीन दिवस ८ जानेवारीला संपले. ग्रुपवरच्या बाकीच्यांनी मात्र लक्षात ठेवा, मोबाइल घेताना आणि मुलांचे क्लास लावतानाही हेच होतं.

सेक्रेटरी: सूचना. उद्या सकाळी १० ते १ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा. जिमची चर्चा चालू द्या, पण कृपया फॉरवर्ड नकोत.

बी-२०२ सीए वहिनी: ओंकार, बिल आहे का?

ओंकार: २१,००० चं आहे. १,५०० चं नाही दिलं. आणि त्यांनी आज सांगितलं की काहीही झालं तरी जीएसटी सरकारजमा झाला, तो परत नाही.

सीए वहिनी: हे सगळेच सांगतात. सेवा रद्द झाली तर जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली क्रेडिट नोट, म्हणजे बिल कमी केल्याचा कागद, काढता येते, कर तेवढा कमी होतो. त्यांना ते करायचा कंटाळा असतो, एवढंच. तुझं नशीब की २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमचा दर १८ वरून ५ झाला, नाहीतर आकडा २३,६०० असता. आणि १,५०० चं बिल लेखी माग. मागून न देणं हे ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं.

नितीन: मग नावासकट फेसबुकवर टाकूया की.

सेक्रेटरी: या ग्रुपवर जिमचं नाव कोणी घेणार नाही. मला नोटिसा घ्यायची हौस नाही.

ए-२०४ प्राजक्ताताई: उशिरा वाचतेय, पोळ्या करत होते. ओंकार, मी एका क्लासच्या फीसाठी ग्राहक आयोगापर्यंत गेलेय, म्हणून सांगते. आधी कडू गोळी. नुसतं मन बदललं, आता यावंसं वाटत नाही, एवढ्यावर जिमने पैसे परत द्यायलाच हवेत असा कायदा आपल्याकडे नाही. तुझं तसं नाही, डॉक्टरांचा कागद आहे. पण तो कागद तू दिलास का त्यांना?

ओंकार: तोंडी सांगितलं. दोनदा.

प्राजक्ताताई: तोंडी म्हणजे भरतीच्या पाण्यात काडीने लिहिणं. उद्या पत्र लिही. दोन प्रती कर, काउंटरवर दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घे. घेतली नाही तर स्पीड पोस्टाने पाठव. रजिस्टर करायला गेलास तर पोस्टातले तेच सांगतील, २०२५ पासून रजिस्टर स्पीड पोस्टातच मिसळलंय. तेच पत्र ईमेलने फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला. मजकूर देते, तुझ्या तारखा घाल:

'मी दि. ५ जानेवारी रोजी आपले वार्षिक सदस्यत्व घेतले. दि. ___ पासून मणक्याच्या आजारामुळे डॉक्टरांनी व्यायाम बंद करण्यास सांगितले आहे. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. सदस्यत्व या पत्राच्या तारखेपासून रद्द करावे. वापरलेल्या काळाची रक्कम वजा करून उरलेली रक्कम माझ्या कर्ज खात्यात परत जमा करावी व तसे फायनान्स कंपनीस कळवावे. रोख घेतलेल्या रु. १,५०० चे बिल द्यावे. १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे.'

बस. 'मी अत्यंत दुःखी अंतःकरणाने' वगैरे काही नको. आणि 'कर्ज खात्यात' हा शब्द गाळू नकोस. माझ्या वेळी मी गाळला. पैसे माझ्या हातात आले, खर्चही झाले, आणि कर्ज तसंच चालू.

बँकवाले काका: हे सोन्यासारखं सांगितलंस.

सीए वहिनी: ताई, पण ते 'परतावा नाही' असं छापलंय, त्यावर सही आहे त्याची.

प्राजक्ताताई: छापलं म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात अन्यायकारक करार अशी व्याख्याच आहे, नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणं त्यात येतं. फक्त एक मेख आहे. फॉर्मवरची अटच अन्यायकारक ठरवा अशी तक्रार राज्य आयोगाकडे जाते. सेवेत कमतरता, अनुचित प्रथा, बिल नाही, यासाठी आपला रत्नागिरीचा जिल्हा आयोग चालतो. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं. पण त्याआधी १९१५ ला फोन कर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात. ते निकाल देत नाहीत, समोरच्याला विचारणा करतात. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

परबकाका: ओंकार, ताईंका एक पेटी हापूस तुझ्याकडसून.

ओंकार: काका, मोहोर थ्रिप्सने खाल्लाय यंदा. आणि माझ्याकडे बाग कुठली.

(आठ दिवसांनी)

ओंकार: अपडेट. पत्र घेतलं, पण शिक्का द्यायला अर्धा तास 'सर आलेत का बघते' चाललं. मी उभाच राहिलो, बसलो की कंबर दुखते. आज फोन आला. म्हणतात सदस्यत्व सहा महिने फ्रीज करून देतो, म्हणजे थांबवून ठेवतो.

बँकवाले काका: हप्ते पण फ्रीज होणार का?

ओंकार: नाही. ते म्हणे आमच्या हातात नाही.

बँकवाले काका: मग फ्रीज काय होणार, तू?

ओंकार: दुसरा पर्याय, माझ्या जागी दुसरा माणूस द्यायचा. २,००० ट्रान्सफर चार्ज.

नितीन: मी येतो. ५,००० देईन.

सीए वहिनी: नितीन, तू मागच्या वर्षी पोहायचा पास घेतला होतास, किती दिवस गेलास?

नितीन: समुद्र असताना तलाव कशाला, असं नंतर वाटलं.

प्राजक्ताताई: ट्रान्सफर करायला हरकत नाही ओंकार, पण कर्ज तुझ्याच नावावर राहणार आणि नितीन तुला दर महिन्याला पैसे देणार. ते तूच ठरव.

ओंकार: १९१५ ला तक्रार टाकलीय.

(एप्रिल, दुसरा आठवडा)

ओंकार: झालं एकदाचं. मालकांचा स्वतःचा फोन आला. चांगले बोलले, उगाच कशाला खोटं सांगू. म्हणाले नो कॉस्टमध्ये व्याज आम्ही सोसतो, फायनान्स कंपनी आम्हाला पूर्ण २१,००० देतच नाही. मी म्हटलं, ते मला जानेवारीत सांगितलं असतंत तर मीच रोखीने तीन महिन्यांचं घेतलं असतं. शेवटी तीन महिन्यांचे ५,२५० त्यांनी ठेवायचे, १५,७५० कर्ज खात्यात. माझे तीन हप्ते गेलेलेच होते, त्यामुळे कर्ज शून्य. जॉइनिंगचे १,५०० सोडून दिले. बिल मात्र आलं, जानेवारीची तारीख घालून.

सीए वहिनी: बिल बघायला पाठव मला. नुसतं कुतूहल.

प्राजक्ताताई: तीन आठवड्यांचे तीन महिने लावले. आयोगात गेला असतास तर यापेक्षा जास्त सुटले असते असं मला वाटतं. पण तारखा, हेलपाटे, रजा. ठीक केलंस.

बँकवाले काका: फायनान्स कंपनीचं नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र आलं?

ओंकार: ॲपवर क्लोज्ड दिसतंय.

बँकवाले काका: ॲपवर दिसतंय ते सोड. पत्र माग. ३० दिवसांत दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार, तीही फुकट. पत्र आलं की मगच बँकेतलं मँडेट, म्हणजे ऑटो डेबिटची परवानगी, रद्द कर. आणि दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून बघ, वर्षातून एकदा मोफत मिळतो.

ओंकार: होय काका.

परबकाका: तां सगळा ऱ्हवांदे. उद्या सकाळी सहा वाजता भाट्याक. मी खाली उभो ऱ्हवतंय.

ओंकारची आई: भावजी, त्याला वाळूत नेऊ नका. डॉक्टरांनी सपाट रस्त्यावर चालायला सांगितलंय. हे मला परवा कळलं, फाइल सापडली तेव्हा.