नीट ऑइल बंद करा म्हणे! मग गिअरचे दाते कापणाऱ्या हॉबला कोण धार लावून देणार?

सोल्युबलवाला, मकरपुरा:
बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) शॉपवाल्यांनो, नीट कटिंग ऑइलवर, म्हणजे पाणी न मिसळता वापरायच्या तेलावर, पैसे घालवणं थांबवा. धूर, निसरडी फरशी, प्लेटिंगआधी प्रत्येक जॉब धुवायचा ताप. ५ टक्के सोल्युबल, म्हणजे पाण्यात मिसळून दुधासारखं होणारं ऑइल, सगळ्या मशिनवर चालतं.

हॉबवाला:
'सगळ्या मशिनवर' हे वाचून गप्प बसवेना. कार्बाइड इन्सर्टने (टूलच्या टोकाला लावायच्या कठीण पातीने) मिनिटाला १८०-२०० मीटर स्पीडला टर्निंग करताना शत्रू असतो उष्णता. तिथे पाणी जिंकतं, मान्य. पण एचएसएस (हायस्पीड स्टील) हॉब ३० मीटरला चालतो, खाचा ओढून कापणारा ब्रोच आणि आटे पाडणारा टॅप त्याहून हळू. तिथे दाब प्रचंड असतो आणि चिप (कापलेला कीस) धारेला चिकटते. ती चिकटू नये म्हणून ईपी (प्रचंड दाब सोसणाऱ्या) ऑइलमधलं सल्फर धातूवर पातळ थर धरतं. ५ टक्क्यांच्या दुधात तो थर पुरेसा मिळत नाही. टॅप जॉबमध्ये अडकून तुटला की वाचवलेले पैसे त्या एका जॉबमध्ये जातात. शिवाय जुन्या ट्रॉबवर (ऑटोमॅटिक लेथवर) सोल्युबल घातलं की ते स्लाइडवेत (मशिनचे भाग सरकतात त्या पट्ट्यांत) शिरतं, वंगण धुवून काढतं, आणि सुट्टीनंतर गंज दिसतो.

सोल्युबलवाला, मकरपुरा:
काका, विशिष्ट उष्मा (एक किलो एक अंश तापवायला लागणारे किलोज्यूल) बघा: पाण्याचा ४.१८, तेलाचा १.९ च्या आसपास. मे महिन्यात बडोद्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेलाची टाकीच तापून बसते, मग जॉबमधल्या भोकाचं साइझ हलतं. टॅपिंगला १० टक्के करा, चालतं. आणि पितळेवर तुमचं सल्फर काळे डाग पाडतं, ते का सांगत नाही?

हॉबवाला:
पितळेला बिनसल्फरचं, डाग न पाडणारं तेल मिळतं. विषय बदलू नका.

टूलरूम:
दोघं भांडताय, पण सोल्युबल बदनाम होतं ते वेगळ्याच कारणाने. सोमवारी सकाळी कुजलेल्या अंड्याचा वास येतो ना? तो कुलंट (हेच सोल्युबलचं पाणी) हलक्या दर्जाचं म्हणून येत नाही. स्लाइडवेचं ६८ नंबर ऑइल गळून टाकीवर साय धरतं, खाली हवा पोचत नाही, आणि बिनहवेचे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. शनिवारी बेल्ट स्किमर (वरचं तेल पट्ट्याने ओढणारं यंत्र) चालवून साय काढा, रविवारीही टाकीत हवा फिरती ठेवा.

दुसरं, ऑपरेटर रोज पाइप लावून साधं पाणी भरतो. हे बघून खरंच राग येतो. २०० लिटरच्या टाकीत १६० लिटर उरलंय, रिफ्रॅक्टोमीटर (ऑइलचं प्रमाण मोजायचं यंत्र) ३ दाखवतो, त्याला गुणायचा डबीवरचा फॅक्टर १.३, म्हणजे जेमतेम ४ टक्के. ६ टक्के हवं तर वरच्या ४० लिटरमध्ये ५.६ लिटर ऑइल लागतं. ते बाहेर बादलीत मिसळायचं, पाण्यात ऑइल ओतायचं. ऑइलमध्ये पाणी ओतलंत की उलटं इमल्शन (मिश्रण) होऊन घट्ट गोळे राहतात. पीएच ८.५ च्या खाली गेला तर गंज आणि वास, ९.५ च्या वर गेला तर हात फाटतात आणि ॲल्युमिनियमवर डाग पडतात.

बोअरपाणी:
बादली-बिदली ठीक आहे, पण पाणीच जड (क्षारांचं) असेल तर? ३०० पीपीएमच्या बोअरने रोज टाकीचा दहावा भाग भरा. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात. चिपबरोबर जातं ते सोडलं तर दहा दिवसांत कडकपणा दुप्पट! मग कॅल्शियमचा चिकट साबण धरतो, फिल्टर चिकटतो, इमल्शन फुटतं. आरओचं पाणी वापरा. पण पहिली भरती निव्वळ आरओने केली तर फेस येतो, ती थोड्या बोअरच्या पाण्यात करा आणि टॉप-अप आरओने.

आणि शेठ लोक फुटलेलं कुलंट रात्री गटारात सोडतात, त्यावर कोणी बोलणार का? २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल यादीतल्या ५.१ मध्ये, तेलकट गाळ ५.२ मध्ये येतो. इमल्शन आधी फोडून तेल वेगळं करायचं, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं. सोल्युबल स्वस्त म्हणता त्या हिशोबात हा खर्च धरलाय का?

सोल्युबलवाला, मकरपुरा:
नाही धरला. तो धरायला हवा, एवढं कबूल. पण चिपबरोबर वाहून जाणारं नीट तेलही कोणी धरत नाही. सेंट्रिफ्यूज (चिप गरगर फिरवून तेल काढणारं यंत्र) नसेल तर चिपच्या ढिगातून रोज तेल भंगारात जातं.

हॉबवाला:
सेंट्रिफ्यूज लावा मग. कार्बाइड मिलिंगमध्ये तुमचं पाणी कटरचे दात गरम-गार करून कंगव्यासारख्या चिरा पाडतं, तिथे कोरडं चालवलेलंच बरं. मॅग्नेशियमवर तर पाणी हायड्रोजन काढतं, आग लागते. 'सगळ्या मशिनवर' हा शब्द मागे घ्या.

सोल्युबलवाला, मकरपुरा:
घेतला. हॉब, ब्रोच, गन ड्रिल (खोल भोकांचं ड्रिल), मॅग्नेशियम तुमचे. सीएनसी टर्निंग, ड्रिलिंग आणि ग्राइंडिंग सोल्युबलवरच राहील, ग्राइंडिंगला ३ ते ५ टक्के. त्यात तेल घाला कोणी म्हणालं तर परत भांडेन.