क्युरपीप आणि नाशिक: अक्षांश सारखा, उंचीही जवळपास सारखी, मग हवामानात एवढा फरक कशामुळे?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. यजमानांची बदली मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई येथे झाली असून येत्या जानेवारीत आम्ही सहकुटुंब तेथे जात आहोत. सोबत सासूबाई आहेत आणि त्यांना दम्याचा त्रास आहे. राहण्यासाठी क्युरपीप हे गाव अनेकांनी सुचवले, कारण तेथे उकाडा नाही आणि पोर्ट लुईहून तेथपर्यंत 2022 पासून मेट्रोही धावते. नकाशा पाहिल्यावर मात्र मी बुचकळ्यात पडले. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे 20 अंशांवर आहे, तर क्युरपीप दक्षिणेस तेवढ्याच अंतरावर. नाशिकची उंची सहाशे मीटरच्या आतबाहेर, क्युरपीपची साडेपाचशेच्या आसपास. असे असूनही क्युरपीपविषयी जे जे वाचनात येते त्यात धुके, रिमझिम आणि स्वेटर यांचाच उल्लेख असतो, आणि तेथून वीसेक किलोमीटरवरचे पोर्ट लुई मात्र उष्ण व बरेच कोरडे. हे कसे? आणि दम्याच्या रुग्णासाठी घर कोठे पाहावे?

भूगोल_अध्यापक

आपण तुलनेसाठी नाशिक घेतलेत, तेथे इगतपुरी घ्या, म्हणजे निम्मे कोडे सुटेल. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना इगतपुरीला भरपूर पाऊस देतात आणि नाशिकपर्यंत पोहोचेतो त्यांतील बाष्प बरेच ओसरलेले असते. मॉरिशसमध्ये हीच गोष्ट उलट दिशेने घडते. तेथे आग्नेय व्यापारी वारे वाहतात. हिंदी महासागरावरून हजारो किलोमीटर येणारी ही बाष्पयुक्त हवा माएबूरच्या किनाऱ्याला लागते, मध्य पठाराकडे चढत जाते, थंड होते आणि पठारावर पाऊस पाडते. क्युरपीप या चढाच्या माथ्यावर वसले आहे. पोर्ट लुई मोका डोंगररांगेच्या पलीकडे, पर्जन्यछायेत आहे. म्हणूनच पठाराच्या सर्वांत ओल्या भागात वर्षाला 4000 मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर तो 1000 मि.मी.च्याही खाली राहतो. संपूर्ण बेटाची सरासरी सुमारे 2000 मि.मी. आहे.

इगतपुरीशी साम्य येथे संपते, आणि आपल्या दृष्टीने पुढचाच भाग महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मोसमी वाऱ्यांची दिशा ऋतूनुसार पालटते, त्यामुळे दिवाळीनंतर घाटमाथाही कोरडा पडतो. व्यापारी वारे असे पालटत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे तेथील हिवाळ्यात, बेटाच्या दक्षिणेकडील जास्त दाबाचा पट्टा प्रबळ होतो आणि हे वारे उलट अधिकच जोराने वाहतात. मात्र त्या काळात साधारण दोन किलोमीटर उंचीवर उबदार, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो आणि ढगांना त्यावर वाढता येत नाही. परिणामी धो धो पाऊस न पडता दिवसचे दिवस बारीक भुरभुर चालू राहते. वर्षाच्या पावसापैकी सुमारे दोन तृतीयांश पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल या उन्हाळ्यात पडतो. परंतु पठारावर उरलेले सहा महिनेही कोरडे नसतात.

तापमानाचे म्हणाल तर नाशिक खंडाचा भाग आहे, म्हणून एप्रिल-मेमध्ये ते 40 अंशांपर्यंत तापते. क्युरपीपच्या कोणत्याही बाजूस समुद्र फार दूर नाही. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे उन्हाळा व हिवाळा यांच्या सरासरीत पूर्ण बेटावर जेमतेम चार-साडेचार अंशांचा फरक पडतो. त्यातून उंचीमुळे क्युरपीप किनाऱ्यापेक्षा सुमारे 5 अंशांनी थंड राहते.

पठारावरची

मी मूळची येथलीच, मॉरिशसची मराठी, आणि माझे बहुतेक आयुष्य वाक्वा व क्युरपीप या परिसरात गेले आहे. वरील विवेचन अगदी बरोबर आहे. मी फक्त घराच्या आतली बाजू सांगते.

जुलैमध्ये येथे कपाटातील चामड्याच्या चपला पंधरवडाभर कोणी हलवल्या नाहीत, तर त्यांवर हिरवट-पांढरी बुरशी धरते. मीठ बरणीत घट्ट बसते, गाद्यांना ओलसर वास येतो, आणि आग्नेयेकडील भिंतीचा रंग आतून फुगून पोपडे निघतात. दम्याच्या रुग्णाला थंडीपेक्षा या बुरशीचे भय अधिक आहे, तेव्हा सासूबाईंच्या डॉक्टरांना हे स्पष्ट सांगून मगच निर्णय घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

क्युरपीप आरोग्यासाठी चांगले, ही ख्याती जुनी आहे आणि ती निराधार नाही. 1866 ते 1868 या काळात पोर्ट लुईत हिवतापाची भयंकर साथ आली. त्याआधी नुकतीच रेल्वे सुरू झाली होती. ज्यांना शक्य होते ती कुटुंबे पठारावर निघून आली आणि क्युरपीप वाढले. त्या वेळी प्रश्न डासांचा होता. आज तुमचा प्रश्न श्वासाचा आहे, त्याला तोच उपाय लागू पडेल असे नाही.

माझे मत विचाराल तर कात्र बोर्न किंवा रोझ हिल पाहावे. दोन्ही गावे मेट्रोच्या मार्गावर आहेत, क्युरपीपपेक्षा बरीच खाली आणि पश्चिमेकडे आहेत. तेथे राजधानीइतका उकाडा नाही आणि आमच्याइतकी ओलही नाही. क्युरपीपला सुट्टीच्या दिवशी जरूर या. त्रू ओ सेर या निद्रिस्त ज्वालामुखीच्या काठावर, सुमारे 600 मीटर उंचीवर उभे राहिले की पायाशी गाव ढगात आणि पलीकडे पश्चिमेचा किनारा लख्ख उन्हात, असे दृश्य अनेकदा दिसते. ज्या फरकाविषयी तुम्ही विचारता आहात, तो तेथे एका नजरेत कळतो.

गोदाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. कात्र बोर्नचा विचार पक्का होत आहे. आणखी दोन शंका आहेत. आम्ही जानेवारीत, म्हणजे वादळांच्या ऐन हंगामात पोहोचू. त्याची कितपत धास्ती बाळगावी? आणि घर पाहताना दिशेचा विचार आपल्याकडच्यासारखाच करायचा का?

पठारावरची

वादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत तो सर्वाधिक जोरात असतो. फेब्रुवारी 1960 मधील कॅरोल वादळाने येथील लाकडी व पत्र्याची घरे इतकी उद्ध्वस्त केली की त्यानंतर सिमेंट-काँक्रीटच्या सपाट छपरांची घरे बांधण्याची रीत पडली. त्यामुळे वाऱ्याची भीती आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. इशारे वर्ग 1 ते 4 अशा चढत्या क्रमाने दिले जातात. वर्ग 3 लागू होईपर्यंत औषधे, पाणी आणि मेणबत्त्या घरात आलेल्या असाव्यात, कारण त्यानंतर बाहेर पडायचे नसते. पावसाचे पाणी मात्र वादळाविनाही घात करते: 30 मार्च 2013 रोजी पोर्ट लुईत, म्हणजे कोरड्या समजल्या जाणाऱ्या बाजूलाच, थोड्या वेळात झालेल्या अतिवृष्टीने पूर येऊन 11 जण दगावले. घर ओढ्याच्या काठी किंवा खोलगट जागी नाही ना, हे आधी पाहावे.

भूगोल_अध्यापक

दिशेचा विचार उलटा करावा लागेल. दक्षिण गोलार्धात हिवाळ्यातील सूर्य उत्तरेकडे असतो. जूनमध्ये भर दुपारी तो तेथे क्षितिजापासून साधारण 46 अंशांवर, उत्तरेच्या आकाशात दिसेल. त्यामुळे आपल्याकडे दक्षिणेच्या खिडकीतून येणारे थंडीतले ऊन तेथे उत्तरेच्या खिडकीतून येते. सासूबाईंची खोली आणि कपडे वाळत घालण्याची जागा उत्तरेला किंवा वायव्येला असावी. आग्नेयेची खोली सतत वारा आणि भुरभुर झेलते, तेव्हा ती सामानासाठी ठेवावी, आणि करार करण्यापूर्वी त्या भिंतीला आतून हात लावून ओल तपासावी. ताजा रंग दिलेला असेल, तर तो कधी व कशासाठी दिला, हेही घरमालकाला विचारावे.