टायर प्रेशरचा दिवा विझत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रविवारी आंबा घाट उतरून रत्नागिरीला येताना साखरप्याच्या पुढे तो पिवळा दिवा लागला, घोड्याच्या नालासारखा, मध्ये उद्गारचिन्ह. हातखंब्याला पंक्चरवाल्याकडे बघितलं तर मागच्या डाव्या चाकात २२च हवा, बारीक खिळा रुतलेला. पंक्चर काढलं, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे चारही चाकांत ३३ भरली. दिवा तसाच.

सकाळी टायर थंड असताना पुन्हा मोजली, बरोबर आहे. इग्निशन चालू ठेवून टायर प्रेशर रीसेट करायचं सेटचं बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकून गेला. भाट्याचा पूल ओलांडेपर्यंत परत हजर!

माझ्या गाडीत व्हॉल्व्हमध्ये सेन्सर नाहीत, एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरवरून चाकाच्या फिरण्यात फरक पडला की कळतं. मागचे दोन टायर नवे आहेत, पुढचे बरेच झिजलेले. त्यामुळे गोंधळ होत असेल का? रीसेटनंतर साधारण किती वेळ चालवावी लागते? एबीएसचा दिवा लागलेला नाही.

शनिवारी आईला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला न्यायचंय. दिवा कायम लागलेला राहिला तर घाटात खरंच हवा उतरली तरी कळणार नाही, त्याचीच काळजी वाटते. कुणी हे निस्तरलं असेल तर कृपया सांगा.