संक्रांतीचं बॅनर आणि हेम्पचं दुकान: टेक्सासातल्या मंडळाच्या मेलिंग लिस्टवरची चर्चा

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी
दिनांक: शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५
विषय: संक्रांतीचं प्रायोजकत्व, मतं हवीत

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी आपल्याच एका सभासदांनी हॉलचं पूर्ण भाडं देऊ केलं आहे. त्यांचं गॅस स्टेशन आणि त्याला जोडून दुकान आहे. स्टेजवरच्या बॅनरवर दुकानाचं नाव असावं, एवढीच त्यांची अपेक्षा. समितीत मात्र एकमत होईना, कारण दुकानात टीएचसीच्या (गांजातला नशा आणणारा घटक) गमीज, म्हणजे चघळायच्या गोळ्या, आणि हेम्पची (भांगेच्याच झाडाचा कमी टीएचसीचा प्रकार) पेयं मिळतात. टेक्सासात आज हे कायदेशीर आहे, हे समितीला ठाऊक आहे. आपापलं मत थोडक्यात कळवावं. (थोडक्यात!)

---

प्रेषक: डॉक्टर वहिनी, केटी

बॅनर नको, स्पष्टच सांगते.

मी लहान मुलांची डॉक्टर. दोन-तीन वर्षांचं पोर येतं, डोळे जड, तोल जातोय, हाक मारली तर ओ देत नाही. आईवडील मेंदूज्वर समजून घाबरलेले. तपासणीत निघतं टीएचसी, आणि मग आठवतं की पाहुण्या मामाची पुडी सोफ्यावर पडली होती. जानेवारी २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या चौदा महिन्यांत देशभरच्या विषबाधा केंद्रांकडे एकट्या डेल्टा-८च्या (टीएचसीचाच एक प्रकार) २,३६२ केसेस नोंदल्या गेल्या. त्यातले ४१ टक्के अठराच्या आतले. हे आकडे अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध खात्याने) दिलेले आहेत. जी मात्रा मोठ्या माणसाला जेमतेम गुंगी आणते, ती बारा किलोच्या पोराला हॉस्पिटलात पोचवते. मोठ्या पोरांची तऱ्हा वेगळी. गमीचा असर चढायला तास-दीड तास जातो, तेवढ्यात 'काहीच होत नाही' म्हणून दुसरी तोंडात टाकतात.

हळदीकुंकवाला कडेवर पोरं घेऊन बायका येतात. त्यांच्या डोक्यावर हे नाव लावायचं?

---

प्रेषक: दुकानवाले दादा, रोझेनबर्ग

सचिवांनी माझं नाव टाळलं, पण कोण ते सगळ्यांना कळलंच आहे. म्हणून मीच लिहितो.

वहिनी, मुलांबद्दल तुम्ही म्हणता त्यात एक अक्षर खोटं नाही. पण थोडं माझंही ऐका. २०१९ मध्ये ऑस्टिनमध्ये, आपल्या राज्याच्या राजधानीत, हेम्पचा कायदा झाला तेव्हा त्यात गिऱ्हाइकाच्या वयाची अटच घातली नव्हती. सिगरेटला वय, बिअरला वय, आणि ह्याला काही नाही! मी पहिल्यापासून माल काउंटरच्या मागे ठेवला, आयडी बघितल्याशिवाय दिला नाही. सिग्नलपलीकडचा मात्र हायस्कूल सुटलं की पोरांना खुशाल विकायचा. पोरं तिकडे वळली आणि माझ्याकडची चिप्स-सोडाही घेईनाशी झाली. नियम हवेत असं आमच्यासारखेच दुकानदार ओरडत होते, ते कुणी ऐकलं नाही.

यंदा काय झालं ते आठवा. राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक यांनी सेनेट बिल ३ रेटलं, टीएचसी सरसकट बंद. २२ जूनच्या रात्री मुदत संपायला काही मिनिटं उरली असताना गव्हर्नर ॲबट यांनी व्हेटो केला. म्हणाले, कोर्टात अडकेल, त्यापेक्षा दारूसारखे नियम करा. दोन विशेष अधिवेशनं झाली, हाती भोपळा. शेवटी १० सप्टेंबरला त्यांनी स्वतःच आदेश काढला: एकवीस पूर्ण आणि आयडी सक्तीचा. आता एकवीसच्या आतल्याला विकलं तर टीएबीसी (राज्याचं दारू-परवाना खातं) बिअरच्या लायसनवर येते. गॅस स्टेशनवाल्याला पेट्रोलमध्ये काय सुटतं? बिअर गेली की दुकानाला कुलूप. त्या धाकाने सिग्नलपलीकडचाही आयडी मागायला लागलाय, हे मी डोळ्यांनी बघितलंय. टीएचसीचे व्हेप (ई-सिगरेट) तर १ सप्टेंबरपासून वेगळ्या कायद्याने बंदच झाले, ते मीही उतरवले.

माल कायदेशीर, सेल्स टॅक्स भरतो. बॅनरवर नाव लावायला लाज कसली?

---

प्रेषक: नाना, शुगर लँड

दादाचं दुकान बाजूला ठेवा, आधी गणित करू. चाळीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाला हा कायदा वाचताना हसू येतं.

डिसेंबर २०१८ च्या फेडरल फार्म बिलात (केंद्राच्या शेती कायद्यात) हेम्पची व्याख्या अशी: कोरड्या वजनात डेल्टा-९ टीएचसी (गांजातला मुख्य प्रकार) ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. दोराच्या, बियांच्या शेतीसाठी ठीक. वाळलेल्या पाल्यात ०.३ टक्के म्हणजे अगदीच कमी. पण हेच प्रमाण खाऊला लावा. चार ग्रॅमच्या गमीत ०.३ टक्के म्हणजे १२ मिलिग्रॅम. नवख्याला भरपूर. पेयाच्या ३५५ मिलिलिटर कॅनला लावलं तर हजार मिलिग्रॅमच्या वर जातं! बाजारात पाच-दहा मिलिग्रॅमचे कॅन मिळतात ते कंपन्यांच्या शहाणपणामुळे, कायद्यामुळे नव्हे.

दुसरी गंमत: व्याख्येत फक्त डेल्टा-९. मग हेम्पमधलं सीबीडी (नशा न आणणारा घटक) काढायचं, त्यावर ॲसिडची प्रक्रिया करायची, की डेल्टा-८ तयार. टेक्सासच्या आरोग्य खात्याने २०२१ मध्ये ते बंदी यादीतलं म्हणून जाहीर केलं, कोर्टाने स्थगिती दिली, ती अजून आहे. माझा आक्षेप नशेपेक्षा ह्या उद्योगाला जास्त. प्रक्रियेनंतर त्यात ॲसिडचा अंश, धातू, इतर काय काय उरलंय ते लेबलवर दिसत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून लॅबचा दाखला उघडा, त्यावरची तारीख आणि बॅच नंबर पुडीवरच्याशी जुळतात का बघा. आणि टीएचसीए म्हणून जो 'हेम्प'चा मोहोर विकतात, तो पेटवला की टीएचसीएचं डेल्टा-९ होतं. कागदावर हेम्प, चिलमीत गांजा.

दादा, तू आयडी बघतोस हे उत्तम. पण दारूच्या बाटलीवर अल्कोहोल किती ते पक्कं कळतं. तुझ्या पुडीवरच्या '१० मिग्रॅ'वर तू स्वतः किती विश्वास ठेवशील?

---

प्रेषक: वुडलँड्सकर

आम्ही आधी मिनेसोटात, मिनियापोलिसला होतो. तिथे जुलै २०२२ पासून सरळ नियम: एका वेळच्या मात्रेत ५ मिलिग्रॅम, अख्ख्या पाकिटात ५०, वय २१. छोट्या ब्रुअरीजनी त्यावर पेयांचा धंदा उभा केला. उलट माझ्या मेव्हण्याच्या कॅलिफोर्नियात, जिथे गांजाची परवानाधारक दुकानं आहेत, तिथे सप्टेंबर २०२४ पासून हेम्पच्या खाण्यापिण्यात टीएचसी सापडताच कामा नये. एकच वस्तू, राज्य बदललं की गुन्हा. माझं मत: बॅनर लावा.

---

प्रेषक: एक विद्यार्थी (नाव नको)

थोडं विषयांतर. डिसेंबरात पुण्याला चाललोय. झोपेसाठी घेतो त्या गमीज बॅगेत चालतील का? लेबलवर 'फेडरली लीगल' लिहिलंय.

---

प्रेषक: ताई, पेअरलँड

बाळा, अजिबात नेऊ नकोस. इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात काम करते म्हणून हात जोडून सांगते. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात भांगेची पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत, म्हणून होळीची ठंडाई चालते. टीएचसीचा अर्क त्यात बसत नाही. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्यांकडचा गांजा रोज पकडतायत, कस्टमवाले तुझं लेबल वाचत बसणार नाहीत.

आता सगळ्यांसाठी, कारण इथे कुणीच हा मुद्दा काढलेला नाही. फेडरल सरकारचं ४३ दिवसांचं शटडाउन (कामकाज बंद) संपवणारा जो कायदा १२ नोव्हेंबरला सही झाला, त्याच्या पोटात हेम्पची नवी व्याख्या आहे. आता डेल्टा-९च नाही, टीएचसीएसकट एकूण टीएचसी मोजणार. प्रयोगशाळेत बनवलेलं डेल्टा-८ बाहेर. आणि विक्रीच्या एका डब्यात एकूण ०.४ मिलिग्रॅमच. म्हणजे नानांच्या हिशोबातली एकही गमी बसत नाही, आणि आजीच्या गुडघ्याच्या सीबीडी तेलाच्या बऱ्याच बाटल्याही गेल्या. गंमत म्हणजे हे पुढे रेटणारे सेनेटर मॅककॉनेल, २०१८ मध्ये हेम्प मोकळं करणारेही तेच. अंमल एक वर्षानंतर, १२ नोव्हेंबर २०२६ पासून.

त्या दिवसानंतर टेक्सासने परवानगी दिली तरी फेडरल दृष्टीने तो माल गांजाच. इमिग्रेशन फक्त फेडरल कायदा बघतं. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवाल्याने व्हिसाच्या किंवा इमिग्रेशनच्या मुलाखतीत 'घेतलं होतं' एवढं कबूल केलं तरी अडचण होऊ शकते, अटक व्हायलाच हवी असं नाही. आणि यूएससीआयएसने (नागरिकत्व-इमिग्रेशन खात्याने) एप्रिल २०१९ मध्ये लेखी सांगितलंय की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजाच्या धंद्यात नोकरी असली तरी नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगली वर्तणूक' नाकारता येते. पुढच्या नोव्हेंबरनंतर काउंटरवर उभा राहून हा माल विकणारा त्यात धरला जाऊ शकतो. दुकानात काम करणारे भाचे-पुतणेसुद्धा.

आज विकणं गुन्हा नाही, कुणी घाबरून जाऊ नये. पण तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

---

प्रेषक: डॉक्टर वहिनी, केटी

ताई, आजीच्या तेलाची बरी आठवण केलीत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सीबीडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, हे मी दर गणपतीत सांगते आणि दर गणपतीत कुणीतरी देतंच.

---

प्रेषक: दुकानवाले दादा, रोझेनबर्ग

नाना, खरं सांगू? सगळ्या कंपन्यांवर नाही ठेवत विश्वास. दोन कंपन्यांचे दाखले जुळतात, तेवढाच माल ठेवतो.

ताई, माझा नागरिकत्वाचा अर्ज अजून भरायचाय, आणि काउंटरवर भाचा उभा असतो, तोही एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर (हो, हो, त्याबद्दलही बोलायचंय). तुम्हाला वेगळी मेल करतो, वकिलांची वेळ मिळवून द्या. घाऊकवाला माल परत घेत नाही, तेव्हा नवीन ऑर्डर आजपासून बंद आणि आहे तो उन्हाळ्यापर्यंत संपवतो. काँग्रेस मुदत वाढवेल असं तो म्हणतोय, पण त्याच्या भरवशावर फ्रीज भरायला मी काही वेडा नाही.

सचिव, बॅनरचं तूर्त राहू द्या. भाड्याचा चेक मात्र परत पाठवू नका, हॉलवाल्याला सोमवारी ॲडव्हान्स द्यायचाय ना?