कंपायलर टाकला, तरी 'जीसीसी' ओळखत नाही
भाऊ, जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर टाकूनही व्हीएस कोडमधलं टर्मिनल, म्हणजे कमांड द्यायची खिडकी, 'अशी कमांडच नाही' म्हणतं, असं तुम्ही लिहिलंय. व्हीएस कोड हा नुसता कोड लिहायचा एडिटर. त्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर वेगळा असतो आणि तो कुठं आहे हे विंडोजला पाथवरून, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीवरून कळतं. विंडोजवर जीसीसी टाकायला वापरतात त्या एमएसवायएस२ (MSYS2) मधून टाकला असेल तर सी ड्राइव्हवर एमएसवायएस६४, त्यात यूसीआरटी६४, त्यातलं बिन फोल्डर पाथमध्ये घाला.

मग एडिटर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. जळगावला भाचीच्या लॅपटॉपवर आमची अख्खी दुपार इथंच गेली. पाथ अगदी बरोबर होता, पण एडिटर आधीपासून उघडा, त्यामुळे टर्मिनल जुनाच पाथ धरून बसलं होतं.

आणि हाताने कमांड देऊन कंपाइल करताना फाइलच्या टॅबवर फुलीच्या जागी ठिपका दिसला, तर आधी सेव्ह करा. नाहीतर जुनाच कोड कंपाइल होतो.