न खणता खोली कशी कळली?

प्रश्न असा: रशियात कोला इथे संशोधनासाठी पाडलेलं भोक जेमतेम १२ किमी गेलं, मग ३५-४० किमीवरची 'मोहो' सीमा, म्हणजे पृथ्वीचं कवच संपून खालचं प्रावरण (मँटल) सुरू होतं ती जागा, पाहिली कुणी? पाहिली कुणीच नाही. ८ ऑक्टोबर १९०९ ला क्रोएशियातल्या झाग्रेबजवळ भूकंप झाला. तिथले भूकंपशास्त्रज्ञ मोहोरोविचिच यांनी नोंदी तपासल्या, तर काही भूकंपमापन केंद्रांवर प्राथमिक लहरी (भूकंपाच्या सर्वांत वेगवान लहरी) दोनदा आलेल्या! एक कवचातून सरळ, दुसरी खाली प्रावरणात उतरून तिथल्या जादा वेगाने. लांब जायचं तर वळसा घालूनही एक्सप्रेसवे परवडतो, तसंच. ठरावीक अंतरापलीकडे वळशाचीच लहर आधी पोचते. त्यावरून त्यांनी खोली काढली ५४ किमी. जरा जास्तच, पण त्या काळच्या उपकरणांवर कमालच म्हणायची. महासागरतळाखाली हीच सीमा साधारण ७ किमीवर असते, म्हणून तर १९६१ साली या सीमेपर्यंत पोचायच्या 'मोहोल' प्रकल्पासाठी अमेरिकनांनी भोक पाडायला समुद्र गाठला.