खानापूरच्या मुलीने पीएचडी सेट थिअरीतच करावी का?

खानापूरचा गणित शिक्षक
माझ्याकडे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली एक मुलगी यंदा एमएस्सी झाली. पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेल्यावर तिच्या 'संचा'चा 'सेट' झाला, कन्नड माध्यमाच्या मैत्रिणींच्या पुस्तकात त्यालाच 'गण'. तेव्हाच तिने मला विचारलं होतं, "सर, नावं तीन झाली, पण संच म्हणजे नेमकं काय ते कुणीच सांगत नाही." आता तिला याच प्रश्नावर पीएचडी करायचीय, अ‍ॅक्झिओमॅटिक सेट थिअरीत, म्हणजे संचांचे मूळ नियम ठरवून त्यांतून काय निघतं ते तपासणाऱ्या गणितात. घरचे म्हणतात, तुम्हीच तिची समजूत घाला.

मी घालणार नाही. तिने जावंच, असं माझं मत आहे. १९०१ मध्ये तत्त्वज्ञ-गणिती बर्ट्रंड रसेलने दाखवलं की मनाला येईल ते गोळा करून 'संच' म्हटलं तर गणित स्वतःलाच खोटं पाडतं: जे संच स्वतःचे सदस्य नाहीत, त्या सगळ्यांचा संच स्वतःचा सदस्य आहे की नाही? म्हणून जर्मन गणिती झर्मेलोने १९०८ मध्ये व्याख्येचा नाद सोडला आणि संचांशी कसं वागता येतं त्याचे नियम लिहिले. सोळाव्या वर्षी एखाद्या मुलीला ही उणीव आपसूक जाणवते, तिला दुसरीकडे वळवू नये. तुम्हाला काय वाटतं?

निपाणीचा निवृत्त प्राध्यापक
सर, तुमची तळमळ पोचली, तरीही मी विरोधात आहे. आयुष्यभर डिग्री कॉलेजात शिकवलं, त्या अनुभवावरून बोलतो. सीएसआयआर नेटच्या (प्राध्यापकी आणि संशोधनवृत्तीसाठीच्या परीक्षेच्या) अभ्यासक्रमात संच येतात ते प्राथमिक, गणनीय-अगणनीय (एक, दोन, तीन असे मोजता येणारे आणि न येणारे) एवढ्यापुरते. जेआरएफचे, म्हणजे संशोधनवृत्तीचे, महिना ३७,००० मिळाले तरी ती वर्षं संपतात, आणि मुलाखतीत विचारतात ते अ‍ॅनालिसिस, अल्जेब्रा शिकवाल का, हे. शिवाय या विषयाचे गाईड भारतात मोजके. तिने टोपॉलॉजी (आकार ताणले-वाकवले तरी टिकणाऱ्या गुणांचं गणित) घ्यावी, सेट थिअरी आवडीने वाचत राहावी.

अनगोळचा, सध्या व्हिएन्नात
सर, नमस्कार. याच विषयात माझं तिसरं वर्ष आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टोपॉलॉजी घेतली म्हणून ही थिअरी सुटत नाही. सुस्लिनचा १९२० चा प्रश्न वास्तव संख्यारेषेची ओळख कशी पटवायची एवढाच होता. नेहमीच्या नियमांतून, म्हणजे झेडएफसीतून (झर्मेलोच्या नियमांची पुढे वाढवलेली, आज प्रचलित यादी), त्याचं उत्तर निघत नाही असं ठरलं. अल्जेब्रातही तेच. व्हाइटहेडचा प्रश्न आबेली ग्रुपांचा (ज्यांत क्रिया उलट क्रमाने केली तरी उत्तर तेच), आणि १९७४ मध्ये शेलाहने दाखवलं की त्याचंही उत्तर झेडएफसीत नाही.

मुळातला प्रश्न सेट थिअरीचा जनक कँटरचा, १८७८ चा: नैसर्गिक संख्यांचं अनंत आणि वास्तव संख्यांचं अनंत यांच्या मध्ये आणखी एखादं अनंत आहे का? कँटर म्हणाला, नाही. गोडेलने १९३८ मध्ये दाखवलं की हे 'नाही' खोटं पाडता येणार नाही. पॉल कोहेनने १९६३ मध्ये दाखवलं की ते सिद्धही करता येणार नाही (दोन्ही ठिकाणी झेडएफसी विसंगत नाही हे धरूनच). कोहेनच्या पद्धतीला फोर्सिंग म्हणतात. एक विश्व (हे सगळे नियम पाळणारा संचांचा समूह) घ्यायचं, त्यात नसलेल्या वास्तव संख्या बाहेरून आणून मिसळायच्या, आणि त्या नेमक्या कशा आहेत हे आतून कधीच पूर्ण न कळता नव्या विश्वात काय खरं ठरेल ते आतूनच ठरवायचं. मिसळताना जुनी अनंतं कोसळून एकमेकांएवढी होऊ नयेत, खरी कसरत तिथं. मला हे पहिल्यांदा समजलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

त्रासही सांगतो. एमएस्सीला लॉजिकचा पेपरच नव्हता, त्यामुळे पहिलं वर्ष फार जड गेलं.

शहापूरचा वाचक
एक प्रामाणिक शंका. जे सिद्धही होत नाही आणि खोटंही ठरत नाही, त्याच्यामागं पोरीनं उमेदीची पाच वर्षं घालवायची? प्रश्न मिटला की ओ तो.

अनगोळचा, सध्या व्हिएन्नात
काका, मिटला तो झेडएफसीपुरता. पुढचा प्रश्न असा की कुठले नवे नियम धरावेत. २०२१ मध्ये अस्पेरो आणि शिंडलर यांनी दाखवलं की दोन वेगळ्या वाटांनी सुचलेल्या नियमांपैकी एकातून दुसरा निघतो. आणि दोन्हींनुसार वास्तव संख्यांचं अनंत मोजणीतलं तिसरं ठरतं, कँटर म्हणाला तसं दुसरं नव्हे. हा वाद आजही चालू आहे.

टिळकवाडीची, पीएचडी अर्धवट सोडलेली
मी हाच विषय घेतला होता आणि दोन वर्षांनी सोडला. नोकरीच्या भीतीने नव्हे. गाईड संस्था सोडून गेले आणि दुसरं कुणी विषय जाणणारं उरलं नाही. फोर्सिंगचा एक मुद्दा आठ महिने एकटी घोटत बसले. जाणत्या माणसाने एका दुपारी सोडवला असता. त्या आठ महिन्यांनी माझी हिंमत गेली, ती अजून पुरती आली नाही.

म्हणून खानापूरच्या सरांना माझा विरोध आहे. 'जावंच' एवढं म्हणून भागत नाही. एका माणसाच्या भरवशावर जाऊ देऊ नका, त्या विषयाची निदान दोन-तीन माणसं जिथं एकत्र बसतात तिथंच पाठवा. बोरेल संचांच्या (संख्यारेषेवरच्या तुकड्यांपासून पायरीपायरीने बनणाऱ्या संचांच्या) बाजूने शिरता येईल का तेही बघा. कोलकात्याच्या आयएसआयमध्ये एस. एम. श्रीवास्तव यांनी त्यात काम केलंय. त्या वाटेने अ‍ॅनालिसिसही हातात राहतं.

निपाणीचा निवृत्त प्राध्यापक
ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. माझं म्हणणं याहून वेगळं नाही. व्हिएन्नाला पोचणारा एक असतो, मधेच अडकणारे आपल्याला दिसत नाहीत.

खानापूरचा गणित शिक्षक
टिळकवाडीच्या ताई, मी 'जावंच' लिहिलं तेव्हा कुठं आणि कुणाकडं याचा विचार केला नव्हता, हे खरं. रविवारी ती येणार आहे. आधी लॉजिक, कंप्लीटनेस थिअरमपर्यंत (नियम पाळणाऱ्या प्रत्येक विश्वात जे खरं, ते त्या नियमांतून सिद्धही होतं, इथवर), मग अर्ज, असं तिला सांगतो. तिच्या वडिलांनाही नोकरीचं चित्र निपाणीच्या सरांनी सांगितलं तसंच, काही न लपवता सांगेन. टोपॉलॉजीचा अर्ज मात्र मी तिला भरायला लावणार नाही.